तीन लाल, दोन पांढरी

३ जून
ठरलं! गणिती संख्याशास्त्राचं एकच पुस्तक धरायचं आणि विद्यापीठाच्या विभागातल्या प्रवेशाच्या मुलाखतीपर्यंत तेच सोडवायचं. पदवीला अठरा वर्षं झाली, वयाच्या अटीत बसायची ही शेवटची संधी. यंदा प्रवेश हुकला तर कायमचाच. निवडायला तीन पुस्तकं आणली आहेत. नवरा म्हणतो, "पुस्तक शोधतेयस की जावई?"

५ जून
जाडजूड पुस्तक बाद. पानोपानी "हे सहज दिसून येते". कोणाला? मला तर चष्मा लावूनही दिसेना! सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज एकूण संख्येने न भागता एक कमी करून का भागायची, एवढंच बघायचं होतं. ते म्हणे वाचकावर सोडलंय.

६ जून
रंगीत पुस्तक — चित्रं झकास, सिद्धता एकही नाही. बाद.

८ जून
पातळ पुस्तक. ते "एक कमी" दोन परिच्छेदांत समजावलंय. आणि मला समजलं! डोळ्यांत पाणीच आलं. हेच घ्यायचं.

९ जून
पहिल्याच प्रकरणात आपटले. पिशवीत तीन लाल, दोन पांढरी बटणं. एक काढायचं, ते बाहेरच ठेवून दुसरं काढायचं. दोन्ही एकाच रंगाची निघण्याची शक्यता किती? माझं उत्तर दोन पंचमांश. मागे छापलंय तेरा पंचविसांश. पुन्हा केलं, पुन्हा तेच. डोकं गंजलंय माझं. फार वाईट वाटतंय.

१० जून
नाही, असं सोडणार नाही! सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली बटणं घेतली. त्यांनी काढायची, मी टिपायचं. शंभर वेळा. "अगं पुरे की आता, हात भरून आला माझा!" एकाच रंगाची आली एकेचाळीस वेळा. पुस्तकाच्या हिशोबाने बावन्नच्या आसपास हवी. पण एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून आणखी शंभर. अडतीस!
मग उलगडलं. उत्तर काढताना लेखकांनी पहिलं बटण गुपचूप परत पिशवीत टाकलंय! सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे चूक त्याची आणि शिक्षा मला?"
पुस्तक बदलणार नाही. जावयात एक खोट निघाली, चालवून घेऊ.

१९ जून
चौथं प्रकरण संपलं. आता मागची उत्तरं आधी बघत नाही.

२६ जून
विभागातून फोन आला. मुलाखत उद्या सकाळी. घेणार कोण, तेही विचारून घेतलं — पातळ पुस्तकाचे लेखक! स्वतः! नवरा म्हणाला, "हे बघ, त्या बटणांबद्दल अवाक्षर काढू नकोस हं."
पुस्तक पिशवीत टाकलंय. पाच बटणंही.