आधी खुशाली, मग मुंग्या

लाडक्या मोझाखाला,

तुला सलाम, आणि तुझ्या कपाळाचा मुका. तुझे गुडघे कसे आहेत? शेळ्या दूध देतात का? छपरावरची टाकी गळायची थांबली का? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, अल्लाहची कृपा, काही खबर नाही. फक्त मी तीन रात्री झोपलेली नाही. आपल्या यारुबला बागेत काळी मुंगी चावली, आणि दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या की या वेळी नुसता हात सुजला, पण काही काही लेकरांना दुसऱ्यांदा चावली की श्वास अडकतो. ओठ सुजले तर असेल तसा उचलून आण म्हणाल्या. तेव्हापासून मी त्याचे ओठ बघत बसते. आता खाला, दहा महिन्यांच्या पोराचे ओठ तू बघितलेस ना? ते मुळातच फुगलेले असतात. सुजलेत की लाडात आलाय, काही कळत नाही. मी दर थोड्या वेळानं नाकाखाली बोट धरते, तो जागा होतो, रडतो, आणि रडला की ओठ आणखी मोठे दिसतात.

पत्र का लिहितेय असं तू विचारशील. माझा फोन पाटात पडला. दोन दिवस तांदळात ठेवलाय, पण तो काही बोलत नाही, भात मात्र साबणासारखा लागतो (सासूला सांगू नकोस, तिला वाटतं तांदूळच नवा आहे). सासूचा फोन मागितला तर ती देते, पण मोठ्या आवाजात लावून शेजारी बसते आणि माझ्या आधी उत्तर देते. म्हणून कागद. हा कागद चाऱ्याच्या गाडीवाल्याकडे देतेय, तो बुधवारी तुझ्या दारावरून जातो. माझं अक्षर वाचणाऱ्यानं माफ करावं. मी सहावीपर्यंतच शिकले, आणि त्यात चौथी दोनदा केली.

तर बाग. यारुबचे चाळीस दिवस झाल्यावर सासूनं मला घरामागची खजुराखालची पट्टी दिली, जिथे आधी शेळ्यांसाठी लसूणघास होता. म्हणाली, बघू तुझ्या हातानं काय उगवतं. खाला, आयुष्यात माझी म्हणावी अशी ती पहिली जागा. भेंडी लावली, मुळा लावला, वांगी लावली, कोथिंबीर लावली. पहिली भेंडी निघाली तेव्हा मी सात घरांत तीन-तीन वाटली. शेवटच्या घरी दोनच उरल्या, तर त्या बाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. तुझ्या जावयाला, खलफानला, फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, भेंडीच आहे ना? हा माणूस तिकडे बंदरावर ट्रक चालवतो, गुरुवारी येतो, आणि सगळ्याला ‘च आहे ना’ लावतो. मुंग्यांचं सांगितलं, तर मुंग्याच आहेत ना?

ज्या दिवशी चावली त्या दिवशी मी यारुबला खजुराच्या बुंध्याशी सावलीत चटईवर ठेवलं होतं आणि मी पलीकडे वांग्यांत वाकले होते. फाटकातून शेजारची शमसाखाला आली. तुला माहीत आहे ती, फार वळणाची बाई. ती म्हणाली, “रय्या, कशी आहेस गं? लेकरू कसं आहे? खलफान? सासू? शेळ्या? काही खबर?” मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, “काही खबर नाही, सगळं ठीक. तुमची काय खबर?” ती म्हणाली, “काही नाही बाई, सगळी कृपा.” मी तिच्या सुनांचं विचारलं. तिनं एकेकीचं सांगितलं, तिला पाच आहेत. मग तिनं डोक्यावरचं फडकं नीट केलं आणि म्हणाली, “बाकी, तुझ्या लेकरानं मुंग्यांच्या बिळात हात घातलाय.” खाला, मी कशी धावले ते मला आठवत नाही, पण मुळ्याचा एक अख्खा वाफा आडवा झालाय. आणि गंमत बघ, तोवर पोरगा रडतही नव्हता. मुंग्यांनाही बहुतेक वळण होतं, त्या आमची खुशाली संपायची वाट बघत होत्या. मी हात धरला आणि तो असा किंचाळला की मशिदीतून दोन माणसं बाहेर आली. नंतर मी शमसाखालाला विचारलं, आधी का नाही सांगितलंत? ती रुसली. “दारात पाय ठेवल्याबरोबर वाईट बातमी सांगू? माझ्या आईनं मला काही शिकवलं नाही का?”

मग गावात सगळ्यांकडे औषध निघालं. शमसाखालानं लोबान आणला आणि बिळाला तासभर धूर दिला. मुंग्या तशाच चावऱ्या राहिल्या, फक्त आता त्यांना वास लग्नघरासारखा येतो. सासूनं सांगितलं, पाळण्याचे चार पाय पाण्याच्या डब्यांत ठेव. ठेवले. ते पाणी मांजर पिते. म्हणून दिवसभर मी मांजर हाकलते आणि मुंगी शोधते, आणि यारुब दोन्ही बघून टाळ्या वाजवतो.

शेवटी मी ठरवलं, बुडवूनच टाकायचं. आमच्या पट्टीला आठ दिवसांनी अर्धा तास पाटाचं पाणी मिळतं. पाळी आली, मी पाटाचं दारं फोडलं आणि भेंडीला एक थेंब न देता सगळं पाणी खजुराच्या बुंध्याकडे वळवलं. चिंध्या आणि दगड लावून बांध घातला. यारुबला सासूकडे दिलं होतं, एका हातात फोन धरला होता, म्हटलं खलफानला दाखवते, मुंग्याच आहेत ना, घे बघ. बीळ भरलं, आणि खाला, त्या वर आल्या. तोंडात पांढरी अंडी घेऊन आल्या, अगदी आपण आग लागल्यावर लेकरं उचलावी तशा. क्षणभर मला त्यांची दयाच आली (आई झाल्यापासून मला कुणाचीही येते, परवा कोंबडीची आली). मग त्या काड्यांवर, वाळक्या पातींवर चढल्या, माझा बांध फुटला, आणि सगळ्या जणी पाटातून खाली निघाल्या, होडीत बसल्यासारख्या.

खाली पाटाच्या काठावर आपला पाटकरी हमूदभाऊ बसला होता. तो सगळ्यांच्या पाण्याची वेळ बघतो, त्याचा बाप तारे बघून बघायचा, हा मनगटावरच्या घड्याळात बघतो. पाय पाण्यात सोडून बसला होता. त्याची मी आधी आरोळी ऐकली, मग उडी पाहिली. साठीचा माणूस, खाला, बकरा असा उडत नाही. मी दचकले आणि फोन गेला. त्या गोंधळात हमूदभाऊ माझी वेळ संपवायला विसरला, तेव्हा भेंडीलाही पाणी मिळालं, तेवढंच बरं झालं.

संध्याकाळी तो तक्रार घेऊन आला. सासूनं बैठक घातली, खजूर ठेवला, कहवा आणला. तो उभाच. सासू म्हणाली, “बसा ना हमूदभाऊ, आमच्या चटईला काटे आहेत का?” तो म्हणाला, “उभा बरा आहे.” सासू म्हणाली, “दारात आलेला माणूस न बसता गेला तर गाव काय म्हणेल मला?” मग तो बसला. एका बाजूवर बसला, खाला, वाऱ्यानं वाकलेल्या खजुरासारखा. सासू म्हणाली, “काही खबर?” आणि तो, डोळ्यांत पाणी, दात आवळलेले, म्हणाला, “काही खबर नाही. सगळं उत्तम.” पहिला पेला झाला, दुसरा झाला. यारुब रांगत गेला आणि त्याच्या अंगरख्याच्या गळ्याचा गोंडा चोखायला लागला. त्यानं चोखू दिला. तिसरा संपवून त्यानं आता पुरे म्हणून पेला हलवला आणि मग म्हणाला, “तुमच्या सुनेनं माझ्यावर फौज सोडली.” सासूनं विचारलं, कुठे चावल्या? तो म्हणाला, “पाठीच्या खाली, पायाच्या वर.” सासू म्हणाली, मी जरा हलवा आणते, आणि आत गेली. फडकं तोंडात कोंबून ती हसत होती, आम्हाला वाटलं खोकतेय.

पण माणूस चांगला आहे गं. यारुबची सुजलेली बोटं त्यानं बघितली आणि त्याचा राग उतरला. म्हणाला, या मुंग्या ओलाव्याला धरून राहतात. तुझा पाट खजुराच्या मुळातून जातो, तो उचलून पलीकडच्या भिंतीकडून ने. बुंधा कोरडा पडला की आपोआप जातील. माझी परवानगी आहे. मी सासूला सांगितलं. ती म्हणाली, माझ्या सासऱ्यानं घातलेला पाट मुंग्यांसाठी हलवायचा? त्यापेक्षा पावडर टाक. शुक्रवारी पावडर पडली नाही तर शनिवारी इथे पुन्हा लसूणघास लागेल. माझा नातू बागेपेक्षा मोठा आहे. तिचं काय चुकलं सांग? मलाही तो मोठा आहे.

आणि पावडर येतेच आहे. चावलं त्याच दिवशी, फोन जिवंत होता तेव्हा, मी रडत आपल्या जुमाला सांगितलं होतं की भावा, तुमच्या शेतावर असेल नसेल ती सगळ्यात जहरी पावडर आण. तो म्हणाला, पांढरी आहे, पोत्यातून सुटी मिळते, शुक्रवारच्या नमाजानंतर घेऊन येतो. सासूनं तिच्यासाठी डबा घासून ठेवलाय. तर तू काळजी करू नकोस, शुक्रवारी सगळं मिटेल.

तुझी वेडी,
रय्या

ता. क. तुझ्याकडचं दोडक्याचं बी गाडीवाल्याबरोबर पाठव. मागच्या वेळी चिंचोके पाठवलेस, मी महिनाभर पाणी घातलं.

ता. क. फोन पाटात पडल्याचं खलफानला सांगू नकोस. फोनच आहे ना म्हणेल, आणि मी त्याला पाटात ढकलेन.

ता. क. जो कुणी हे वाचून दाखवतोय किंवा दाखवतेय, इथून पुढचं मनात वाच. खालाला म्हण, संपलं, सलाम लिहिलाय. तिनं ऐकलं तर ती थेट माझ्या सासूला फोन लावेल, दोघी भांडतील आणि बाग त्यातच जाईल. सासू आत हसत होती तेव्हा हमूदभाऊनं मला हळूच सांगितलं, ती सुटी पांढरी पावडर त्यानं एकदा टाकली होती. त्याच्या बकरीनं नुसती जमीन चाटली, दुपारपर्यंत गेली. सासूला सांगितलं तर म्हणते, बकरी हावरट होती. माझा यारुब रोज माती खातो. काल त्याच्या तोंडातून खजुराची बी, मुळ्याचं पान आणि एक बटण काढलं, बटण कुणाचं ते अजून कळलं नाही. आणि तो घासलेला डबा सासूनं पिठाच्या डब्याशेजारी ठेवलाय, दोन्ही सारखे आहेत, आणि तिला चष्मा आवडत नाही. मला मुंग्यांची भीती वाटते. पण आता त्या पावडरीची जास्त वाटते, आणि ती मीच मागवलीय. जुमाचा नंबर माझ्या फोनात होता, मला पाठ नाही. खालाच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे कोळशानं लिहिलाय, शेवटचा आकडा सातासारखा दिसतो पण एक आहे. त्याला सांग, पावडर आणू नको, फावडं आण आणि पाट हलवायला ये. सासूला मी पटवते, तो आला की तिला नाही म्हणता येत नाही, तिला तो आवडतो. तू कोण आहेस मला माहीत नाही. पण शुक्रवारच्या आधी, शक्य तर हा कागद खाली ठेवायच्याही आधी, माझ्या भावाला फोन कर.