पायरीखालचा फेस

३ मे
निवृत्तीनंतर हवं होतं तसंच घर मिळालं. डोंगरउतार, शेजारी केळीची बाग, बेटाच्या राजधानीचा, रोझो शहराचा गोंगाट दूर. जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. आता कुणाला काही शिकवायचं नाही. शेजारीण मा फिलोमेन उकडलेल्या अळकुड्या आणि झणझणीत रस्सा घेऊन आली. इथे नव्या माणसाला आधी जेवू घालतात, मग नाव विचारतात. "कोंबडी आहे, बाई. हाडं तपासत बसू नका, खा!" चव अप्रतिम. पुन्हा वाढून घेतलं.

५ मे
ते मांडीचं हाड कोंबडीचं नव्हतं. क्रापो! आमचा थोरला बेडूक, रोगाने बेटावरून जवळजवळ पुसला गेलेला. शिकारीला बंदी आहे. फिलोमेनला झापलं. ती म्हणाली, नव्या शेजाऱ्याला क्रापो वाढायची रीत आईच्या वेळेपासूनची. आणि मादी तुमच्याच पायरीखालच्या बिळाशी बसली होती, जागची हलेना, नुसती उचलली.
हलणार कशी? आत पिल्लं असतात.

८ मे
बीळ पाहिलं. पांढऱ्या फेसात शेपटीवाली पिल्लं वळवळताहेत. त्यांना दुसरं अन्न चालत नाही. आई येऊन त्यांच्यासाठी वांझ अंडी घालते, तीच खातात. कोंबडीचा बलक टाकून पाहिला. तोंड लावलं नाही. वनखात्याला फोन केला. दरड कोसळली आहे, रस्ता मोकळा झाला की येतो म्हणाले. ही पिल्लं जगली तर डोंगरावर क्रापो राहील. नाही तर शेवटची मादी माझ्या ताटात संपली.
बिळाबाहेर नर तिला हाका मारतो.

११ मे
पिल्लं मेली नाहीत. वाढलीत. त्यांना कोण भरवतंय?
फिलोमेन उंबरठ्याच्या आत येत नाही. म्हणते, बाई, तुमच्या अंगाला बिळाचा वास येतो. खडसावून हाकलली. नंतर हुंगलं. येतो.

१३ मे
पाणी पिववत नाही. अंगावर ओतलं की तहान भागते. पोट जड. नर मला पाहून पळाला नाही. हाक मारून थांबला — उत्तरासाठी.

१४ मे
रात्री मी बिळाकडे जाऊ नये म्हणून फिलोमेनला दाराला बाहेरून कडी घालायला सांगितलं. घातली. रडत होती.

१५ मे
कडी तशीच. जमिनीची फळी उखडलेली. माझ्या नखांत लाकडाची कुसळं —

१६
वनखात्याची गाडी आली. वर फिलोमेन ओरडतेय, बाई, हात द्या! हात दिला तर बिळातून बाहेर काढतील — आणि ही पिल्लं सगळी उपाशी —
ढकलाढकली नको. सगळ्यांना मिळेल. एकेकाने —