माठातलं पाणी गार का राहतं

बाई, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली आणि मला तुमचा राग आला तो या महिन्यात. इतकी वर्षं आला नव्हता. रोज सकाळी पूजेला तुम्ही दिलेली घंटा वाजवते तेव्हा तुमची आठवण निघतेच, आणि चांगलीच निघते. पण माझी लेक तिसऱ्या मुलाखतीहूनही तशीच परत आली, चपला न काढता पलंगावर बसली आणि म्हणाली, “आई, बस आता. मी नाही जाणार कुठे,” आणि पुढे त्यामागचं कारण कळलं, तेव्हा मला वाटलं की हे सगळं धारच्या आपल्या शाळेतल्या त्या वर्गात सुरू झालेलं आहे, आणि जाब विचारायला तुम्ही नाही. म्हणून लिहायला बसले. हिशोबाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, ती वाया कशाला घालवायची.

लेक तुम्ही पाहिलेली नाही, तुमच्यामागे दोन वर्षांनी झाली. चार वर्षं रोज देवासहून इंदूरला बसने जाऊन औषधशास्त्र शिकली. हुशार आहे, हे आई म्हणून सांगत नाही, तिची मार्कांची कागदपत्रं सांगतात. पिथमपूरला औषधांचे कारखाने आहेत, तिथल्या प्रयोगशाळेत गोळ्या तपासायचं काम मिळावं एवढंच तिचं म्हणणं. आता आमच्या कोपऱ्यावर एक मेडिकलवाले आहेत, भला माणूस. त्यांनी सांगून ठेवलेलं, “भाभीजी, बिटिया को कल से बिठा दो काउंटर पर. हमें कुछ पूछना-वूछना नहीं.” त्या पूछना-वूछना नहीं वर ही भुलली. तिसऱ्या मुलाखतीनंतर म्हणायला लागली, तिथेच जाते, घराजवळ आहे, तुला पण मदत होईल. काम म्हणून दुकानाला मी नावं ठेवत नाही. पण ती तिथे आवडीने निघाली नव्हती, पळून निघाली होती, आणि पळणारं माणूस मला लांबून ओळखू येतं. का ते पुढे सांगते.

आणि प्रश्न तरी काय विचारतात, बाई. पहिल्या ठिकाणी म्हणाले, “अपने बारे में बताइए.” हिने आपल्या घरातल्या वळणाप्रमाणे सुरुवात केली. आपल्याकडे लहानपणापासून मुलीला एकच विचारतात, कुणाची गं तू? म्हणून तिने सांगितलं, आमचे मूळचे लोक कोकणातले, पणजोबा संस्थानात कारकून होते, आजोबा मास्तर, बाबा कारखान्यातून निवृत्त झाले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ये तो पिताजी का हो गया. आपका?” घरी येऊन मलाच विचारते, “आई, माझं काय सांगायचं असतं?” मला तरी काय ठाऊक. मला आयुष्यात असं कुणी विचारलेलंच नाही.

दुसऱ्या ठिकाणी, तुमची कमजोरी काय? हिने खरं सांगितलं, “सवाल-जवाब से डर लगता है.” ते हसले म्हणे. मग विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? आता हे मला सांगा, आम्ही उद्या टेकडीवर देवीला जायचं म्हटलं तरी “तिची इच्छा असेल तर” असं आधी म्हणतो, आणि ही पाच वर्षांचं कसं छातीठोक सांगणार? आणि वर, “शादी हो गई तो?” हे ऐकल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. मुलगा समोर बसला असता तर त्याला विचारलं असतं का? घरात मी बोलून दाखवलं तर आमचे हे इकडच्या इंदुरी सवयीने म्हणाले, “अरे भिया, जमाना वही है.” यांचं तर सांगूच नका. हे कारखान्यात लागले तेव्हा साहेबाने एकच प्रश्न केला होता, “कल से आओगे?” आणि हे म्हणाले, “आज से.” तीस वर्षं ही गोष्ट ऐकते आहे. प्रत्येक वेळी लेकीकडे बघून म्हणतात, “इतना आसान है.” ती उठून आत जाते.

तिसऱ्या ठिकाणी सगळे प्रश्न अभ्यासाचे होते. मला वाटलं, आता झालं काम. आली ती हात हलवत. “काय झालं?” “नाही आलं.” “किती नाही आली?” “तीन विचारले, तिन्हीला पता नहीं सर म्हटलं.” खरं सांगायचं तर मनात थोडी समाधानीच होते, कारण हे मीच तिला शिकवलं आहे: येत नसेल तर मान वर करून येत नाही म्हणावं, फेकाफेकी करू नये. आणि मला ते तुम्ही शिकवलं.

चौथ्या ठिकाणाहून बोलावणं आलं तेव्हा ती जायलाच तयार नव्हती. मेडिकलवाल्यांना सोमवारपर्यंत सांगायचं होतं आणि मुलाखत शनिवारची. माझ्या भाच्याने मोबाइलवर प्रश्नोत्तरांची यादी पाठवली, यांनी ती छापून आणली, दोन्ही बाजूंनी, तेवढाच कागद वाचला. दुपारी मी मटार सोलायला बसले आणि तिला समोर बसवलं. म्हटलं, मी साहेब. ती म्हणाली, “साहेब मटार नाही सोलत.” म्हटलं, हा सोलतो, बस.

यादीत कमजोरीचं उत्तर छापलं होतं: मी कामात इतकी बुडून जाते की वेळेचं भान राहत नाही. मी वाचलं आणि शेंग हातातून खाली ठेवली. “हे तू म्हणणार? सकाळी नळ येऊन जातो तरी तू उठत नाहीस.” “आई, सगळे हेच म्हणतात.” “मग साहेबाला काय, सगळ्यांच्या कमजोऱ्या सारख्याच वाटतात?” शेवटी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, खरी कमजोरी सांगायला हरकत नाही, फक्त तिच्यावर काय करून राहिलोत ते लगेच पुढे जोडायचं.” हे मला पटलं. दुखणं सांगितलं की औषधही सांगावं. मग आम्ही तिघं मिळून, भाचा फोनवर, एकेक ठरवत गेलो. स्वतःबद्दल म्हणजे काय शिकले, हाताने काय केलं, इथे काय करायचं आहे, एवढंच, पणजोबा नाहीत. पाच वर्षांनी म्हणजे मला एवढं काम यायला लागलेलं असेल, असं. देवीची परवानगी मनात घ्यायची. लग्नाचं विचारलं तर राग नाही, लाजणं नाही: घरचं घरचे बघतील, काम मी बघीन. हे शेवटचं माझं. ती म्हणाली, “आई, हे भारी आहे,” आणि यांनी बाहेरून ओरडून सांगितलं, “आज से म्हणायचं विसरू नको.”

मग मी तिची अभ्यासाची वही घेतली. मला त्यातलं काय कळणार, पण प्रश्न वाचता येतात. विचारलं, साधी गोळी पाण्यात किती वेळात फुटली पाहिजे? मटार तोंडात टाकत म्हणाली, “पंधरा मिनिटं.” वर साखरेचं आवरण असेल तर? “एक तास.” दहा विचारले, दहा सांगितले. मी म्हटलं, “मग त्या तिसऱ्या ठिकाणी काय विचारलं होतं?” ती मटारांकडे बघत म्हणाली, “हेच. गोळीचंच.” “आणि तू पता नहीं म्हणालीस?” “हो.” “येत असताना?” तिने आणखी दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, “पंधरा मिनिटं म्हटलं की ते विचारणार, और नहीं टूटी तो? मग त्याच्या पुढचं. पता नहीं म्हटलं की संपतं.”

बाई, माझे हात तिथेच थांबले. मी एकदम धारच्या वर्गात. मी आठवीत आहे, खिडकीच्या बाजूला दुसऱ्या बाकावर. तपासणीचे साहेब आले आहेत, तुम्ही फळ्याशी उभ्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. वर्गात सगळ्या तुम्हाला बहनजी म्हणतात, मी एकटी संध्याकाळी तुमच्या घरी शिकायला येते म्हणून बाई म्हणते. साहेब विचारतात, “मटके का पानी ठंडा क्यों रहता है?” माझ्या शेजारची उठून म्हणते, “मिट्टी का है इसलिए,” आणि साहेब हसतात. मग माझ्याकडे बोट. मी उभी राहते. तुमच्या स्वयंपाकघरातला माठ मला दिसतो आहे, त्याच्या ओल्या पोटावर माझा हात धरून तुम्ही आदल्याच आठवड्यात समजावलेलं सगळं जिभेवर आहे. आणि मी मान वर करून म्हणते, “मालूम नहीं सर.” साहेब पुढच्या मुलीकडे वळतात. तेवढंच मला हवं होतं.

साहेब गेल्यावर तुम्ही त्या शेजारचीला काय बोललात, आठवतं? येत नाही तर तोंड कशाला उघडलं, तीन तीन वेळा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मला सगळ्यांसमोर म्हणालात, ही पहा, एवढ्या मोठ्या माणसापुढे खरं बोलली. दिवाळीत तुम्ही ओंकारेश्वरला गेलात, तिथून पितळेची लहानशी घंटा आणलीत आणि माझ्या हातात ठेवलीत, खरं बोलण्याबद्दल. तीच मी रोज वाजवते. तुम्ही इतक्या हुशार, बाई, तुम्हाला कसं नाही कळलं? आदल्याच आठवड्यात शिकवलेलं मुलगी विसरते का? एकदा, फक्त एकदा संध्याकाळी माठाशी उभं करून परत विचारायचं होतंत. तुम्हाला माझं कौतुक करायची घाई. माझा राग त्याचाच आहे.

लेकीला मी गोष्ट सांगितली. सांगितली म्हणजे, माझ्या वर्गात एक मुलगी होती, अशी सांगितली. तिला माठाचं उत्तर येत होतं आणि तिने मालूम नहीं म्हटलं, कारण पुढचा प्रश्न येऊ नये. लेकीने ऐकून घेतलं. म्हणाली, “मग त्या मुलीचं काय झालं?” मी म्हटलं, “काय व्हायचं. मॅट्रिकवर थांबली. लग्न झालं. बरं चाललंय तिचं.” तिने टोपलीतले मटार हाताने सारखे केले आणि म्हणाली, “परत विचार. गोळी फुटली नाही तर, तिथून.” संध्याकाळ होईपर्यंत मी वहीतले पुढचे, त्याच्या पुढचे असे प्रश्न विचारत राहिले. कुकर लावायला उशीर झाला, यांनी काही म्हटलं नाही.

काल शनिवारी ती पहाटेच्या बसने गेली. मी देवीपुढे बसले, पण जप लागेना, कान फोनकडे. दुपारी आली ती आधी पाणी प्यायली. मग सांगितलं. कमजोरी विचारली तर म्हणाली, “अनजान लोगों के सामने डर लगता है सर, इसलिए घर पर मम्मी के सामने प्रैक्टिस करके आई हूँ.” एक साहेब म्हणे हसले, पण वेगळं हसले. लग्नाचं विचारलं, तिने माझं उत्तर दिलं, आणि बाजूला बसलेल्या मॅडमनी मान डोलावली. गोळीचं आलंच. पंधरा मिनिटं. नहीं टूटी तो? त्या लॉटच्या आणखी गोळ्या लावून बघायच्या, असं काही तिने सांगितलं. त्याच्या पुढचं, तेही सांगितलं. असं करत करत एका मशिनवर आले जी तिने कधी पाहिलीच नव्हती. “मग?” “मग म्हटलं, ये नहीं आता सर.” “आणि?” “म्हणाले, सीख लेंगी? म्हटलं, हो.” निकाल दहा दिवसांनी कळवणार आहेत. काय लागेल ते देवीला ठाऊक.

पण चहा पिऊन ती चप्पल घालून कोपऱ्यावर जाऊन आली. मेडिकलवाल्यांना सांगून आली की मी येणार नाही, सोमवारची वाट बघू नका. मी ओरडलेच, अगं, निकाल तर लागू दे, हातचं कशाला सोडलंस? ती म्हणाली, “नाही लागला तर पाचव्या ठिकाणी जाईन ना.” मग देवघरासमोरून जाताना थांबली, घंटेकडे बघितलं आणि म्हणाली, “आई, तुझ्या त्या मैत्रिणीला थँक्यू सांग.” मी म्हटलं, सांगते.

आता हे कुठे पाठवणार. तुमच्या धारच्या घरात दुसरे लोक राहतात, त्यांना मी कोण ते ठाऊक नाही. वही परत फडताळात जाईल. पण लिहायला घेतलंच आहे तर एक आणखी. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा तुम्ही पेढे घेऊन आमच्या घरी आलात. आमचे वडील, दादा, झोपाळ्यावर बसले होते, मी दाराशी उभी. तुम्ही त्यांच्यादेखत मला विचारलंत, “पुढे शिकायचंय का तुला?” दादा माझ्याकडे बघायला लागले. मी हो म्हटलं असतं तर ते विचारणार होते, कुठे, कुणाबरोबर जाणार, कशासाठी. मी म्हटलं, “ठाऊक नाही.” तुम्ही दादांना म्हणालात, ही खोटं बोलायची नाही, तिला नसेलच वाटत. आणि पेढे ठेवून गेलात.

लेकीला हे सांगितलेलं नाही. माझ्या वर्गातल्या त्या मुलीच्या गोष्टीत हे बसत नव्हतं.

तर बाई, माठाच्या मातीला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी झिरपून बाहेर येतं, हवेत उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं गार राहतं. उन्हाळ्यात जास्त उडतं, म्हणून जास्त गार. हे मला तेव्हाही येत होतं. आणि तुम्ही दादांदेखत विचारलेल्या त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो.