जबाबदार व्यक्तीचा रकाना

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा आठांतलं एक अंग वजा धरून स्वीकारावा.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? गोळी सकाळची आहे की संध्याकाळची? जी असेल ती आधी घे आणि मग पुढे वाच. भाऊजींना नमस्कार सांग, पण पत्र दाखवू नकोस, ते फार मोठ्याने हसतात. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे परवा सकाळी अकरापर्यंत ठीक होतं.

एवढं काय झालं होतं तर फोन का नाही केलास, असं तू म्हणणार. फोनवर तू बोलतेस आणि मी ‘हो ताई’ म्हणते. पन्नास वर्षं हेच चाललं आहे आणि माझी तक्रारही नाही, पण या वेळी मला सगळं एका दमात सांगायचं आहे. कागदावर तुला मधे तोडता येत नाही.

तुला माहीतच आहे की गेले आठ महिने मी आणि जाऊबाई मागच्या खोलीत बिस्किटं भाजतो. (सुरू केलं तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘तू आणि बिस्किटं? आधी गॅस बंद करायला शीक.’ मी हसले होते. पण मला ते लागलं होतं.) सगळा माल हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये जातो आणि मोडकी बिस्किटं हे खातात. (मोडकी फार निघतात असं मला अलीकडे वाटू लागलं आहे.) तर गेल्या महिन्यात कँटीनवाल्या बाईंनी सांगितलं की येत्या एक तारखेपासून पाकिटावर नोंदणीचा नंबर नसेल तर माल घेता येणार नाही. त्यांच्यावरही वरून दट्ट्या आहे, त्यांचा स्वतःचा परवाना पणाला लागला आहे. बाई चांगल्या आहेत, पण वाकायच्या नाहीत. आणि दुसरं गिऱ्हाईक आम्हाला नाही. मी एक वेळ पूर्वीसारखी घरी बसेन, पण जाऊबाईंनी या बिस्किटांपायी शिवणाच्या दुकानातली कायमची नोकरी सोडली आहे, आणि ती सोडायला मीच त्यांच्या मागे लागले होते. त्यांनी अजून एका शब्दाने मला बोल लावलेला नाही, आणि त्याचंच मला जास्त दडपण येतं.

मला वाटलं होतं, नोंदणी म्हणजे काय, वहीत नाव लिहायचं. पण तसं नसतं, ताई. पाण्याचा तपासणी अहवाल लागतो. झुरळं मारल्याची पावती लागते. बिस्किटाला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा डॉक्टरी दाखला लागतो. (डॉक्टरांनी माझी नखं इतका वेळ पाहिली की ती मीही आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिली.) खोलीचा नकाशा लागतो. तो यांनी काढला. पीठ कुठून येतं, बिस्किट कुठून बाहेर जातं याचे बाण दाखवायचे असतात. यांनी बाण इतके दाखवले की आपल्या घरावर चढाई होणार आहे असं वाटावं, आणि एका कोपऱ्यात मांजरही काढलं. मांजर काय म्हणून, असं विचारलं तर म्हणाले, ते तिथेच बसतं. खोडरबराने ते मांजर खोडताना मला दरदरून घाम फुटला होता, कारण खोडलेलं मांजर उजेडात धरलं की स्पष्ट दिसतं. शेवटी जाऊबाईंनी नवा नकाशा काढला, आणि खऱ्या मांजराची रवानगी शेजारी झाली.

आता फॉर्मचं सांगते. इथे तू शांत राहा.

तो ज्या दुकानात भरून मिळतो तिथला माणूस विचारण्याआधीच टाइप करतो. माझ्या मागे दहा-बाराजणांची रांग होती आणि सगळे माझ्या मानेवर श्वास सोडत होते. जाऊबाई झेरॉक्सच्या रांगेत अडकलेल्या. तो विचारत होता, मी सांगत होते. काय बनवता? बिस्किटं. बनवता, साठवता, पोचवता की विकता? चारही. वाहन? यांची सायकल. आणि मग तो मान वर न करता म्हणाला, ‘जबाबदार व्यक्ती?’

ताई, तू मला सांग, आपल्या घरात या प्रश्नाला दुसरं उत्तर कधी होतं का? बाबा गावाला निघाले की दारात उभे राहून आपल्याला रांगेत उभं करायचे आणि विचारायचे, घरात जबाबदार कोण? आणि मी ओरडायचे, ताई! दूध मी उतू घालवायचे, नळ मी उघडा ठेवायचे, खालच्या बिऱ्हाडाच्या गाद्या माझ्यामुळे भिजायच्या, आणि जबाबदार असायचीस तू. मला बोर्डाच्या परीक्षेतलं काही आठवत नाही, पण हे उत्तर झोपेतून उठवलं तरी येतं. तसंच ते आलं. ताई, म्हटलं. तो म्हणाला, पूर्ण नाव? मी तुझं पूर्ण नाव, वय, पत्ता एका दमात सांगितला. (मला वाटलं, हॉस्पिटलात ‘जवळचं नातेवाईक कोण’ विचारतात तसलंच काही असेल.) फोटो मागितला, तर पाकिटात तुझा पेन्शनसाठी काढलेल्यांतला जास्तीचा फोटो होता. ‘ठेव, हरवशीलच’ म्हणून दिला होतास तो. बघ, हरवला नव्हता. उलट हरवला असता तर बरं झालं असतं.

परवा तपासनीस बाई आल्या. पहाटेपासून मी अकरा वेळा हात धुतले होते. जाऊबाई टोपी घालून पिठाच्या डब्याशेजारी अशा ताठ उभ्या होत्या की कोणी त्यांनाही साठ्यात मोजावं. यांना बजावलं होतं की आंघोळ लवकर उरकून पुढच्या खोलीत तोंड बंद करून बसा. त्यातलं काहीच झालं नाही. बाई बोळात शिरल्या तेव्हा हे नुकते न्हाणीघरात गेले होते आणि कपडे बाहेर खुर्चीवर राहिले होते. त्याच खुर्चीवर बाईंनी आपली पिशवी ठेवली.

बाई फार कमी बोलतात. अशा माणसांची मला भीती वाटते. त्यांनी फळीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिल्या. भट्टीखाली वाकून बॅटरी मारली. खिडकीची जाळी ओढून पाहिली. नकाशा उजेडात धरला. (मी मांजर शोधलं, मग आठवलं की हा नवा.) त्या प्रत्येक गोष्टीवर काहीतरी लिहायच्या, आणि काय लिहिलं ते मान लांब करूनही दिसायचं नाही. मग त्यांना भिंतीला टांगलेली वही दिसली. ती माझी वही. प्रत्येक घाण्याची वेळ, भट्टीचं तापमान, कोणी काढलं, शेवटी गॅस बंद केला का, बंद केलेला पुन्हा पाहिला का, असं आठ महिन्यांचं सगळं त्यात आहे. एकही दिवस सुटलेला नाही. बाईंनी पानं उलटली, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. ही कोण ठेवतं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, मोठ्या कारखान्यांतही अशी नसते. ताई, माझ्या जिवात जीव आला, आणि बरोबर त्याच क्षणी बाईंनी फाईल उघडून तुझा फोटो माझ्यासमोर धरला.

तुझं पूर्ण नाव मोठ्याने वाचून त्यांनी विचारलं, ‘या बाई कुठे आहेत?’

मी फोटोकडे पाहिलं, फोटोतून तू माझ्याकडे पाहिलंस, आणि नेहमीसारखंच पाहिलंस. जाऊबाईंचा चेहरा पिठाच्या रंगाचा झाला. त्यांना तर हे माहीतच नव्हतं. तेवढ्यात न्हाणीघरातून यांचा आवाज आला, ‘त्या बाहेरगावी असतात! सुट्टीत येतात!’

बाईंनी पेन खाली ठेवलं. जिथे अन्न तयार होतं तिथे जबाबदार व्यक्ती रोज हजर लागते, सुट्टीत येऊन चालत नाही, असं त्यांनी मला फार हळू आवाजात समजावलं. (त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.) अर्ज फेटाळला तर पुन्हा पहिल्यापासून, आणि मग एक तारीख काही गाठता येत नाही. मग त्यांनी वहीकडे पाहिलं आणि मला विचारलं, ‘सगळं तुम्हीच बघता ना? मग जबाबदार तुम्हीच ना?’

आणि ताई, मला ‘हो’ म्हणता येईना. आठ महिने मी रोज दोनदा गॅस बघते आहे, तरी एवढं एक अक्षर माझ्या तोंडून निघेना. शेवटी जाऊबाई म्हणाल्या, ‘त्याच आहेत.’

तर असं आहे. बाकी सर्व कुशल. हे दीड तासाने बाहेर आले, थोडी सर्दी आहे. जाऊबाई माझ्याशी बोलतात, पण टोपी काढत नाहीत. तू तब्येतीला जप, जिने चढू नकोस, आणि लोभ जसा आहे तसाच असू दे, उगाच वाढवू नकोस, म्हणजे मला धडकी भरणार नाही.

तुझी,
धांदरट

ता. क. बाईंनी सात दिवस दिले आहेत. त्यांतले दोन गेले, दोन टपालात जातील. तू स्वतः येऊन हजर राहायचं म्हटलंस तर डॉक्टरी दाखला, टोपी, आणि नखं. ते नको. तुझ्या हाताने लिहिलेलं एक पत्र आणि खाली सही, एवढ्यावर भागेल असं त्या म्हणाल्या. परतीचं पाकीट सोबत आहे, तिकीट लावलेलं. (दोनदा पाहिलं.)

ता. क. २. मजकूर असा लिही: ‘या जागी तयार होणाऱ्या बिस्किटांना मी जबाबदार नाही. तिथली जबाबदार व्यक्ती माझी धाकटी बहीण आहे.’ खाडाखोड चालत नाही. पहिली ओळ लिहिताना तुला आनंद होईल, तो होऊ दे.

ता. क. ३. खरं सांगायचं तर कार्यालयाला पहिली ओळच पुरते. दुसरी त्यांनी मागितलेली नाही. ती मी मागते आहे.