तिघांच्या नावावरची दुबई

श्रीवर्धन,
शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजानंतर

आदरणीय जहुराआपा,

तुमच्या धाकट्या भावाचा, वलीचा, अस्सलामु अलैकुम. उरणला तुम्ही आणि मुलं-सुना सगळे खैरियतने असाल अशी दुआ करतो. गुडघा कसा आहे? मागे सांगितलेलं तेल लावता की बाटली नुसती उशाशी ठेवून समाधान मानता? (मला तुमचा स्वभाव माहीत आहे.) इथे आम्ही सुखरूप आहोत, म्हणजे माझी साखर, आफराच्या अम्मीचं ब्लडप्रेशर आणि आपल्या फैझानची जीभ, तिन्ही नेहमीइतकीच वाढलेली आहेत. सुपारी यंदा बरी धरली आहे. वानरांनी आपला हिस्सा आधीच काढून घेतला, उरलेली आपली. तुमच्या वरच्या खोलीत मात्र दुपारी खुडबुड ऐकू येते. उंदीर असावा. खोलीला कुलूप आणि चावी तुमच्याकडे उरणला, त्यामुळे तो अगदी निर्धास्त आहे.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण तुम्ही फोन तांदळाच्या डब्यात ठेवून वर झाकण लावल्याचं तुमच्या सूनबाईकडून कळलं. फोन घाबरण्यासारखा आहे हे मलाही आता पटलं आहे. तरी जे झालं ते अर्धवट ऐकून तुम्ही दुबईचे पोलीस उरणला येतील म्हणून धास्तावला आहात, म्हणून पहिल्यापासून लिहितो. मला स्वतःलाही ते नीट कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळलं तर बरंच.

तुम्हाला माहीत आहे, मी दुबईत अर्धं आयुष्य काढलं. गोदामात माल मोजला, उन्हात उभा राहिलो, घाम गाळला. तेव्हा त्या मुलखाने मला एकदाही म्हटलं नाही की वली, राहा. नोकरी सुटली आणि महिन्याभरात सामान बांधून घरी. आता मी म्हातारा झालो, काही कामाचा राहिलो नाही, तर ते म्हणतात घर विकत घ्या आणि खुशाल राहा. (राबणाऱ्याला परत पाठवायचं आणि बसून खाणाऱ्याला ठेवून घ्यायचं, हा हिशेब मी आफराच्या अम्मीला समजावून सांगायला गेलो आणि मधेच मलाच समजेनासा झाला.)

माझा जीव तिथे का अडकला हे तुम्हाला सांगायला नको. लेक आफरा तिथे, जावई तिथे आणि नात यशरा तिथे. आम्ही जातो ते विझिट व्हिसावर. पोरीला त्याची इतकी सवय झाली आहे की मी दारात बॅग ठेवली की सलाम करायच्या आधी विचारते, "नाना, या वेळी किती दिवसांचा?" मी सांगितलं की ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल खूण करते आणि पहिल्याच संध्याकाळपासून माझ्याकडे निघून चाललेल्या माणसाकडे बघावं तसं बघायला लागते. आपा, मला ते सहन होत नाही. एकदा तरी त्या दारात बॅग ठेवून सांगायचं होतं की बेटा, या वेळी खूण करू नकोस.

तेव्हा माणगावची हायवेजवळची जागा विकली. (तिच्यावरही आपल्या तिघांची नावं होती आणि सह्यांसाठी फैझानला तीनदा बिर्याणी खिलवावी लागली. त्यातून मी काही शिकायला हवं होतं.) मधे होता तौहीद, माणगावच्याच एका ओळखीच्यांचा मुलगा. तिकडे घरं विकून देतो. टाय लावतो आणि मला 'चाचा' म्हणतो.

तौहीद मला घर दाखवायला घेऊन गेला, आणि तिथे घर नव्हतं. एका थंडगार दिवाणखान्यात काचेच्या पेटीत खेळण्यातलं गाव ठेवलेलं होतं. त्यातल्या एका इमारतीवर तो काठी टेकवून म्हणाला, हे तुमचं. मी म्हटलं ठीक आहे, जागा घ्यायची तर आपल्या रीतीप्रमाणे चौकशी करायला हवी. विहीर कुठे? भर उन्हाळ्यात तिला पाणी असतं का? तौहीद म्हणाला, पाणी नळाला. शेजारी कोण? म्हणाला, अजून कोणी नाही. वाट कोणाच्या हद्दीतून जाते? म्हणाला, चाचा, लिफ्टने जायचं. मग मी पेटीतल्या माडांकडे बोट दाखवून विचारलं की ही झाडं जमिनीसोबत येणार की झाडांचा मालक वेगळा? तिथल्या काउंटरवरच्या मुलीने ऐकून घेतलं, आत गेली आणि साहेबाला घेऊन आली. साहेबाने मला कॉफी दिली. झाडांचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. कागद करताना त्या मुलीने विचारलं, मालकाचं नाव काय लिहू? आपा, आपल्या घरात एकट्याच्या नावावर कोणी कधी काही घेतलं आहे का? अब्बा नेहमी सांगायचे की भावाबहिणीला वगळून घेतलेल्या जागेत बरकत राहत नाही. मी सवयीने पहिलं नाव अब्बांचंच सांगितलं. मुलगी म्हणाली, त्यांचा पासपोर्ट द्या. मी म्हटलं, ते अल्लाहला प्यारे झाले. मग ते सही कशी करणार, असं तिने विचारलं. मी तिला सांगितलं की आमच्या वाडीच्या सातबारावर ते इंतकाल झाल्यापासून आजपर्यंत मालक आहेत आणि त्यांच्यावाचून काही अडलेलं नाही. साहेब पुन्हा बाहेर आला. पुन्हा कॉफी.

शेवटी अब्बांचं नाव गळलं आणि आपल्या तिघांची लागली, वली, जहुरा, फैझान. आपण उमऱ्याला गेलो तेव्हाचे सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या फोनमध्ये होतेच. बाकी कबुली तौहीदने फोनवर मागवली. तुम्हाला आला तो मेसेज तोच होता. तुम्हाला वाटलं ईदच्या मुबारकबादीचा आहे आणि तुम्ही अंगठा लावलात. फैझानने तर न वाचताच लावला, तो कशावरही लावतो. मला वाटलं, किती सोपं काम! तिकडचे लोक खरंच पुढे गेले आहेत. मी मिठाई वाटली.

मग राहण्याचा परवाना मागायला गेलो आणि ते म्हणाले, मिळणार नाही. मालमत्ता ठरलेल्या किमतीची हवी, हे मला माहीत होतं. पण ती एकेका माणसाच्या वाट्याला तेवढी हवी. घर पुरेसं आहे, पण माणसं तीन. तौहीदने टाय सैल करून मला समजावलं की तुमचा वाटा फार तर हॉल आणि अर्धं स्वयंपाकघर इतका होतो, आणि तेवढ्यावर कोणालाच राहू देत नाहीत. म्हणजे बघा, घराचे मालक आपण तिघं आणि राहण्याचा हक्क तिघांपैकी कोणालाही नाही. आपण तिघं मिळून एकच माणूस असतो तर मिळाला असता. माझ्या स्वतःच्या घरात मी विझिट व्हिसावर जाणार, आणि यशरा कॅलेंडरवर खूण करणार. मी त्या कचेरीच्या पायऱ्यांवर बसून रडलो, आपा. तौहीदने पाणी आणून दिलं. पोरगा वाईट नाही.

यावर इलाज एकच. तुम्ही आणि फैझानने आपला वाटा सोडल्याची सही करायची, म्हणजे माझं एकट्याचं नाव राहील. परत आल्यावर मी फैझानकडे गेलो. तो बंदरावर बोटींना बर्फ देत होता. तिथेच म्हणाला, "भाई, आताच न्हाय सांगत. दुबईचा मामला हाय, विचार कराय होवा." त्याचा विचार अजून चालू आहे. मधल्या काळात त्याने सगळ्या श्रीवर्धनभर 'दुबईत आपली जागा आहे' असं सांगून टाकलं आहे, आणि त्या जोरावर त्याच्या मुलाला म्हसळ्याचं चांगलं स्थळ आलं आहे. आता सही केली तर स्थळ मोडेल म्हणतो. शिवाय त्याला समुद्राकडची खिडकी हवी आहे. त्याच्या दारात समुद्र आहे, आपा. भरतीला पायरीपर्यंत येतो. तरी त्याला तिकडचा हवा.

राहता राहिलात तुम्ही. तुम्ही मोठ्या आहात. तुम्ही आधी सही केलीत तर फैझानला लाज वाटेल (थोडी तरी). मी तुमचा वाटा बुडवतो आहे असं मनात आणू नका. हॉल, स्वयंपाकघर, सगळं तुमचंच. फक्त कागदावर मला एकट्याला राहू द्या, म्हणजे मला तिथे राहता येईल. हे वाक्य मी दोनदा वाचलं. बरोबर आहे असं वाटतं.

सूनबाईंना दुआ. तेल लावा.

तुमचा धाकटा भाऊ,
वली

ता. क. — पत्र पाकिटात घातलं होतं, तेवढ्यात आफराचा फोन आला. जावयाची कंपनी तिथलं कामकाज गुंडाळते आहे. नोकरी गेली की त्यांनाही राहता येत नाही. दुसरी शोधतो आहे, पण तोवर घराचं भाडं भरत बसण्यापेक्षा तिघंही श्रीवर्धनला येतात. म्हणजे ज्यांच्याजवळ राहायला मी तिकडे घर घेतलं, ते माझ्याकडे राहायला इकडे येत आहेत, आणि दुबईत आता आपल्यापैकी फक्त आपलं घर राहणार. तेही अजून काचेच्या पेटीत. तेव्हा सहीची घाई करू नका. फैझानला हे सांगू नका, निदान त्याच्या मुलाचा निकाह होईपर्यंत.

आणखी एक ता. क. — खरं काम हे आहे. आमच्या खालच्या खोलीत पाच माणसं मावणार नाहीत. तुमच्या वरच्या खोलीची चावी पाठवा. तुमची पेटी आणि तांब्याची भांडी मी जपून एका बाजूला लावीन, उंदराचंही बघतो. यशराला खिडकीपाशी झोपायचं आहे. फोनवर तिने मला विचारलं, "नाना, श्रीवर्धनला आम्हाला किती दिवसांचा व्हिसा मिळेल?" मी म्हटलं, बेटा, खोली मोठ्या नानीची आहे, त्यांना विचारून सांगतो. फोन तसाच चालू ठेवून ती थांबली आहे असं मला अजून वाटतं. चावी पाठवाल तेव्हा सोबत चिठ्ठीत तेवढं लिहा, आपा. तुमच्या हाताने लिहा, म्हणजे तिला खरं वाटेल.