पाचवं बोट

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझी आई ठणठणीत, मी ठणठणीत, आणि स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोच आहे. फोनवर दोन ओळी पाठवून भागलं असतं, असं तू म्हणशील. पण मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, मला त्या इवल्याशा चौकटीत विचारच करता येत नाही. मला कागद लागतो, समास लागतो, आणि खोडायला जागा लागते. शिवाय जे लिहायचं आहे ते दोन ओळींत बसणारं नाही.

तुमच्या कार्टून मालिकेतला तुझा भाग आम्ही कसा पाहिला ते आधी सांगतो, कारण तुझ्या आईने सांगितलेल्या हकिकतीत माझी फजिती मीठमसाला लावून आली असणार. चार महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारी सकाळी दहाची वेळ, आणि मी साडेनऊलाच इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर ठाण मांडून बसलो. आईने अख्ख्या इमारतीला आवतण दिलेलं. वरच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी, त्यांची आजी, तुझी मावशी, खालच्या दुकानातला चष्मेवाला, सगळे हजर. बेकरीच्या भिंतीमागे राहणारी तुमची ती उंदरांची पलटण नाचत आली, गाणं झालं, नवी उंदरीण राहायला आली. आणि चौथ्या मिनिटाला आवाज गेला. साफ गेला. मी उठलो, रिमोट दाबला, तो ऐकेना म्हणून टीव्हीच्या कुशीत एक धपाटा घातला. चष्मेवाल्याने तार हलवून पाहिली. तेव्हा तुझी आई म्हणाली, "अहो, बसा खाली. ते मुद्दाम आहे." ती चाळीस सेकंदं त्या उंदरिणीच्या बाजूने दाखवली आहेत, तिला ऐकू येत नाही म्हणून आपल्यालाही नाही, हे मला तिने आधी दहादा सांगितलेलं होतं. तरी माझा हात टीव्हीवर गेलाच. वरची धाकटी मात्र आवाज गेल्यावर सरकून पुढे बसली आणि डोळे फाडफाडून बघायला लागली. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही.

भाग संपल्यावर नावं सरकतात ती इतक्या घाईने की वाचणाऱ्याची दमछाक व्हावी. तुझं नाव नीट छापलंय ना हे पाहायला मी ती तीनदा मागे घेतली. नीट आहे. चौथ्यांदा मागे घेतली ती नुसतीच.

या भागाची जन्मकथा मला तुकड्यातुकड्याने कळली. तुम्हा दोघींचं फोनवर बोलणं झालं की आई चहा ठेवता ठेवता मला बातमीपत्र द्यायची. तू तिला हाताने सांगायचीस, ती मला तोंडाने सांगायची, आणि मी वर्तमानपत्राआडून ऐकलं न ऐकलंसं करायचो. प्रत्यक्षात एक शब्द सोडत नव्हतो. पहिल्या मसुद्यात म्हणे ती उंदरीण शेवटी मांजराला सगळ्यांत आधी पाहते आणि पलटणीला वाचवते. लेखक त्यावर फार खूश होता. तू त्याला कागदावर विचारलंस, तिला त्यांच्यात खेळायला घ्यायचं तर आधी तिने सगळ्यांचे जीव वाचवायचे, ही अट का? बाकीच्या उंदरांनी कुणाचे जीव वाचवले होते? मांजर गेलं. उरली ती अकरा मिनिटांची साधी गोष्ट, एक मुलगी खेळात आपली पाळी यायची वाट बघते आणि ती पाळी येते. हे ऐकलं त्या दिवशी मी दुपारी झोपलो नाही. एवढं मोठं कातरकाम मी उभ्या आयुष्यात कुठल्या लेखकाचं केलं नव्हतं.

आणि मग ते बोटांचं. कार्टूनमधल्या प्राण्यांना अंगठा धरून चारच बोटं असतात, पाच काढली तर हात गजबजतो आणि हजारो चित्रांत तेवढं काम वाढतं, ही तुमच्या धंद्यातली जुनी रीत. मला हे पासष्टी उलटल्यावर कळलं. वरच्या मुलींबरोबर मी ती मालिका वर्षभर बघत होतो, कानामात्रेच्या चुका शोधून ज्याने पोट भरलं त्याला समोरच्या हातांतलं अख्खं एक बोट गायब आहे हे दिसलं नाही. तुमच्या सगळ्या कार्यालयालाही दिसलं नाही. उंदरिणीच्या सगळ्या खुणा तू कॅमेऱ्यासमोर स्वतः करून दाखवल्यास, चौघांनी त्या बघून चित्रं काढली, आणि सवयीने काढली ती चार बोटांनी. जोडलेला भाग पहिल्यांदा लावला तेव्हा खोलीत टाळ्या झाल्या. तू टाळी वाजवली नाहीस. उठून फळ्यावर लिहिलंस, "ही बोबडं बोलते आहे."

पुढचं तर आईने मला उभं राहून, अभिनयासह सांगितलं. दिग्दर्शक म्हणाला, प्रसारणाची तारीख ठरली आहे, आणि मुलांच्या ते लक्षातही येणार नाही. तू फळ्यावर खाली लिहिलंस, "कुठल्या मुलांच्या?" मग कुणीतरी तोडगा काढला, फक्त तिला पाच बोटं देऊ. त्यावरही तू मान हलवलीस. तिच्या एकटीच्या हाताला पाच बोटं म्हणजे पुन्हा तीच वेगळी. बेकरीतल्या यच्चयावत उंदरांना, त्यांच्या आजोबांना, पाळण्यातल्या पिल्लालासुद्धा पाचवं बोट द्यायचं ठरलं. तीन आठवडे सगळे मान मोडून बसले, तारीख पुढे गेली, आणि दिग्दर्शकाने स्वतः आजोबांचे हात काढले. भिंगरी, त्या तीन आठवड्यांत तुझ्यावर चिडलेली माणसं असतील, तुझ्यामुळे रविवार बुडलेली असतील. तू मागे हटली नाहीस. मी तुझ्या जागी असतो तर पहिल्याच टाळीला सामील झालो असतो. छापखान्यात मालकापुढे मी किती चुका गिळल्या ते मलाच माहीत.

एक चूक मात्र तुमची राहिली आहे, ती सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही. सुरुवातीच्या गाण्यात उंदीर अजून चार बोटांनीच नाचतात. पुढच्या वेळी तेवढं बघा.

तुझ्या भागाची चर्चा इथे अजून चालू आहे. चष्मेवाला येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो की याचं पहिलं प्रसारण मी मानाच्या खुर्चीत बसून पाहिलं. वरच्या मुली जिन्यात बोलत नाहीत, नुसते हातवारे करत चढतात, अर्थ काही नाही पण ताल अगदी पक्का. वर्तमानपत्रात एका बाईंनी तक्रार छापली की मालिकेत आवाज बंद करून प्रेक्षकांना घाबरवू नये. मी संपादकांना दोन पानी उत्तर पाठवलं, त्यांनी आठ ओळी छापल्या, त्यातही एक चूक. कात्रण सोबत जोडलं आहे.

आता इतका वेळ मी ज्याच्याभोवती घिरट्या घालतोय ते लिहितो. भाग संपल्यावर तू फोन केलास, चेहरे दिसतात तसा. तू आईशी बोललीस, आई रडली, मावशी रडली. मग मी नेहमीसारखं आईला म्हटलं, तिला सांग, फार छान झालंय. आईने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुमचं तुम्ही सांगा. तीस वर्षं दुभाषीपण केलं, आजपासून मी निवृत्त." आणि ती खरंच उठून गेली. तू समोर होतीस. मला तुला किती काय सांगायचं होतं. मी अंगठा वर केला. तूही हसून अंगठा वर केलास. मग आपण दोघं एकमेकांना अंगठे दाखवत बसलो, आणि मी फोन मावशीकडे दिला.

तू चार वर्षांची असताना कान तपासणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं की हिला हातांची सवय लागली तर ही कधीच बोलणार नाही. मी शहाण्या माणसासारखं ऐकलं. तुझा हात मी रस्त्यात घट्ट धरून चालायचो, लोक म्हणायचे, बाप केवढा जपतो पोरीला. मी जपत नव्हतो. लोकांसमोर तुझे हात हलू नयेत म्हणून धरत होतो. मला लाज वाटायची. हे मी तुझ्या आईलाही कधी या शब्दांत सांगितलेलं नाही, पण तिला माहीत असणार, कारण ती तुझ्याबरोबर स्वयंपाकघराचं दार लोटून हातांची भाषा शिकली, मी घरात नसताना. माझ्या वाट्याला चिठ्ठ्या आल्या. अकरा वर्षांची असताना तू मला लिहिलं होतंस, "बाबा मला भूक नाही मी रागावले आहे". मी त्यात दोन ठिकाणी विरामचिन्हं घातली आणि चिठ्ठी तुला परत दिली. काय झालं म्हणून विचारलं नाही. त्या चिठ्ठीची आठवण आली की आजही मला जेवण जात नाही.

तर आता गुपित. गेले तीन महिने दर शनिवारी सकाळी मी आईला वाचनालयात जातो म्हणून सांगतो आणि मूकबधिर शाळेच्या पालकवर्गाला जातो. वर्गात सगळे पंचविशी-तिशीचे. त्यांची मुलं तीन वर्षांची, माझी चौतीस वर्षांची. बाई स्वतः ऐकू न येणाऱ्या आहेत आणि महाकडक. माझी करंगळी जन्मभर लेखणीखाली दुमडून राहिल्याने सरळ होत नाही, त्यामुळे माझे निम्मे शब्द अर्धवट पडतात. बाई माझ्यासमोर येतात, बोट धरून सरळ करतात, आणि पुन्हा करायला लावतात. इतक्या चुका माझ्या कुणी काढल्या नव्हत्या. वर्गात सगळ्यांना तुझा भाग पाठ आहे. पहिल्याच दिवशी मी कोण ते कळलं, तर एका तरुण बापाने मला बसायला आपली खुर्ची दिली. मी त्या खुर्चीत काय ऐटीत बसलो ते विचारू नकोस.

त्या भागात एक विनोद आहे, जो आमच्या दिवाणखान्यात फक्त तुझ्या आईला कळला होता. शाळेच्या सभागृहात म्हणे त्यावर दीडशे मुलं बाकं वाजवून हसली. तो लठ्ठ उंदीर फुशारक्या मारत असतो तेव्हा उंदरीण बाजूला वळून हाताने काहीतरी म्हणते. मी आईला विचारलं, तिने सांगितलं नाही. दीड महिना उशिरा, बसमध्ये परत येताना, मला तो आपोआप उलगडला. "हा एवढं बोलतो, बरं झालं मला ऐकू येत नाही." मी एकटाच इतक्या मोठ्याने हसलो की वाहकाने वळून पाहिलं. मग माझ्या लक्षात आलं की जेवायला बसल्यावर मी जगाला शहाणपण शिकवत असायचो तेव्हा तुम्ही मायलेकी ताटावर मान घालून का हसायच्यात. पोरी, तो लठ्ठ उंदीर चालतो थेट माझ्यासारखा. माझी काही तक्रार नाही. चाल हुबेहूब जमली आहे.

पत्र लिहायचं कारण असं. येत्या महिन्यात शाळेत तुमच्या चमूचा सत्कार आहे. दिग्दर्शक येणार, वाहिनीची माणसं येणार, तू येणार. तुझ्या घरच्यांपैकी कुणीतरी दोन शब्द बोलावेत म्हणून मुख्याध्यापिकांनी मला विचारलं, दुभाषी असेल म्हणाल्या. मी म्हटलं, दुभाषी नको. दोन वाक्यं बसवली आहेत. पहिलं, मी हिचा बाबा, मला हिचा अभिमान आहे. ते बरं जमतं. दुसऱ्यात मी तुझी माफी मागतो, आणि तिथे करंगळी दगा देते. समोर दीडशे मुलं असतील आणि माझा बोबडेपणा त्या प्रत्येकाला कळेल. मला त्याची लाज नाही. पण तू तुझ्या बरोबरीच्या माणसांत पहिल्या रांगेत असशील, आणि तुझ्या बापाचे हात सगळ्यांसमोर अडखळत असतील. तेव्हा मी तुला काही विचारलं नव्हतं, म्हणून आता आधी विचारतो: मी उभा राहिलेला तुला चालेल का? नको वाटत असेल तर तसं कळव, मी खाली बसून टाळ्या वाजवीन आणि मनात काही ठेवणार नाही. आणि चालणार असेल तर उत्तर पाठवू नकोस. नुसती ये, मला दिसशील अशी बस, आणि मी चुकलो की तिथूनच हात वर करून, सगळ्यांदेखत, दुरुस्त कर.

तुझाच, शिकाऊ वर्गातला,
बाबा