पाठीवर गोडाऊनचं नाव

आईला निशाचा नमस्कार,

आम्ही सुखरूप पोचलो, काळजी करू नकोस. बाबांचे गुडघे कसे आहेत?

या देशात फिरायला व्हिसा लागत नाही, म्हणून तुझे जावई हळदीला निघाल्यासारखे निघाले. बरोबर आलेल्या सगळ्या भावांना एकसारखे शर्ट, अन् पाठीवर छापलं 'धनेश गोडाऊन, वडपे'. काय ती अक्कल!

विमानतळावरच्या साहेबाला वाटलं, फिरायच्या नावाखाली मजूर आलेत. सगळ्यांना भिंतीशी उभं केलं, गोडाऊनच्या गेटवर हे हमालांना करतात तसंच. "मी मालक हाय!" ओरडून यांचा घसा बसला. मी परतीची तिकिटं दाखवली, तेव्हा सुटलो.

वाटलं, आता तरी यांना हमालांचं दुःख समजेल. पण हॉटेलात पोचताच बॅगा आणणाऱ्या माणसावर खेकसले, "तिथंच उभा ऱ्हा!"

अशा माणसाबरोबर आठवडाभर फिरणारी,
तुझी निशा